जाणत्यांनी हातावर बसावं

मुकुंदा, तुझ्या शोकसभेत लोक हसले. हे मी मुद्दाम आधी सांगते. फोटोला हार कुठला होता, कोण आलं आणि कोण आलं नाही, हे सगळं तुला कोणीही सांगेल, पण लोक हसले हे कोणी सांगायचं नाही. आणि हसवलं कोणी? प्रसादने. तुझ्या त्या लाडक्या प्रसादने.

सभा माझ्या टायपिंग क्लासच्या हॉलमध्येच ठेवली होती, दुसरीकडे कुठे ठेवणार? तुझे सगळे रविवार तिथेच गेले. प्रसाद उठला, शर्ट नीट खोचला आणि म्हणाला, मुकुंद सरांचा पेशन्स किती होता त्याचा एक किस्सा सांगतो. आणि मेल्याने लेलेबाईंची गोष्ट सांगितली. आवाज काढून, त्यांच्यासारखी मान हलवून. लोक आधी दबून हसले, मग मोकळे हसले. लेलेबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सकाळच्या एसटीने दापोलीहून आल्या होत्या बिचाऱ्या तुझ्यासाठी. त्याही हसल्या, ओठ मिटून, आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या.

मला किळस आली. राग आला असं मी म्हणत नाही, किळसच आली. जेवताना तोंडात केस येतो तेव्हा कसं होतं, तसं झालं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे ऐकून होते, पण त्यावर विनोद करून टाळ्या घेणारी बघायची राहिली होती.

तू मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परत आलास ते अठ्ठ्याण्णव साल असेल. माझ्याकडे टायपरायटरांची खडखड चालायची आणि कोपऱ्यात दोन नवे कॉम्प्युटर प्लास्टिकची टोपी घालून बसलेले असायचे. मी त्यांना हात लावायला भ्यायचे. माझा क्लास हे डबे खाणार याची मला खात्री होती, आणि ज्याने आपल्याला खायचं त्याचीच सेवा कशाला करायची? तू आलास, टोपी काढलीस आणि मला समोर बसवलंस. मी टायपरायटरच्या सवयीने किल्ल्या बडवायला लागले तेव्हा म्हणालास, ताई, हळू गो, याला रिबन नाही. तेवढंच बोललास. हसला नाहीस, माझ्या हातातून माऊस ओढून घेतला नाहीस. चाळिशी उलटलेल्या बाईला कोणीतरी पुन्हा शिकण्याजोगी समजलं, हे माझ्यासाठी फार होतं रे. तुला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही, माणूस गेल्यावर करतात.

मग तू रविवार सुरू केलेस. ज्याचा कॉम्प्युटर अडला त्याने दुपारी हॉलवर यावं आणि ज्याला चार गोष्टी येतात त्यानेही यावं. लोक रिक्षात घालून डबे आणायचे, चादरीत गुंडाळून. आपल्या हवेने रॅमच्या पट्ट्या गंजायच्या, मग त्या काढून खोडरबराने पुसायच्या आणि परत बसवायच्या. निम्मे आजार तेवढ्यानेच बरे व्हायचे. हर्णैच्या एका सुकटवाल्याच्या डब्यात पाल मरून वाळलेली निघाली होती आणि तो म्हणाला होता, आमच्याकडे आलं की सगळंच सुकतं हो.

पण जाणकार मंडळी! शी! चार अक्षरं जास्त आली की माणसाच्या मानेचं हाड वेगळंच होतं की काय देव जाणे. कोणी विचारलं, स्क्रीन निळी झाली, काय करू, की हे एकमेकांकडे बघून नाकातल्या नाकात हसायचे. मग त्याच्या हातातून माऊस काढून घ्यायचे, खटाखट दहा खिडक्या उघडायच्या, बंद करायच्या आणि म्हणायचे, झालं. काय झालं? कसं झालं? विचारायची सोय नाही. तो माणूस आला तसाच रिकामा घरी जायचा आणि महिन्याने तेच दुखणं घेऊन परत यायचा. मग हे पुन्हा हसायला मोकळे. पुढे तुम्ही ती ई-मेलची यादी काढलीत, रत्नागिरीपासून खेडपर्यंत सगळ्यांनी शंका विचाराव्यात म्हणून. तिथेही तेच. एखादा बिचारा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून काही विचारायचा आणि जाणकाराचं उत्तर एका ओळीचं, तेही इंग्रजीत: आधी वाचा, मग विचारा. अरे, वाचून कळत असतं तर तुझ्या दारात कशाला आला असता तो?

लेलेबाईंची गोष्ट मी तुला काय सांगायची, पण प्रसादने ती इतकी नासवली की मला एकदा सरळ सांगायचीच आहे. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि गावोगाव फिरून बोलण्यातले शब्द जमवायला लागल्या. जमिनीचे, भाताचे, मासळीचे. नुसत्या कातळाला आणि सड्यावरच्या जमिनीला किती नावं आहेत ते त्यांनी मला एकदा मोजून दाखवायला घेतलं होतं, मीच उठले कंटाळून. सगळं कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केलेलं. दोन-अडीच वर्षांचं काम. मशीन सारखं अडकायला लागलं म्हणून त्या रविवारी घेऊन आल्या. तू त्या दिवशी हर्णैला गेला होतास आणि इथे त्या जाणकारांतला प्रसाद होता. त्याने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, बॅकअप घेतलाय ना? बाई म्हणाल्या, हो, घेतलाय, आणि फ्लॉपी दाखवली. झालं. याने सगळी डिस्क पुसली आणि विंडोज नव्याने टाकलं. मशीन अगदी पळायला लागलं.

मग बाईंनी फ्लॉपी घातली. आत होती नुसती चित्रं. स्क्रीनवर दिसणारी ती बाण असलेली छोटी चित्रं त्यांनी ओढून फ्लॉपीत टाकली होती. त्यांना वाटलं फाइल म्हणजे तीच. नवशिक्या माणसाला तसंच वाटणार, दुसरं काय वाटणार? घराच्या दारावरची पाटी काढून आणली आणि घर मागेच राहिलं, असं ते झालं. आणि घर तर याने पाडून टाकलं होतं. प्रसाद काय म्हणाला? सगळ्यांना हाका मारल्या, या या, बघा, काकूंनी शॉर्टकटचा बॅकअप घेतलाय! सगळे जमून हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, माझीच चूक हो. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ग्लास धरला पण पाणी प्यायल्या नाहीत.

एकानेही म्हटलं नाही की बाई, घेतलाय म्हणता तो बॅकअप एकदा उघडून दाखवा बघू. एवढं म्हणायला काय पडलं होतं?

तू संध्याकाळी आलास, ऐकलंस. दुसऱ्या दिवशी दापोलीची एसटी धरून त्यांच्या घरी गेलास. पुसलेल्या डिस्कवरून जेवढं खरवडून निघालं तेवढं काढलंस, निम्म्याहून कमी. उरलेलं त्यांनी पुन्हा टाइप करायला घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर कॉम्प्युटर खाडीत टाकून आले असते.

आणि पुढच्या रविवारी तू तो नियम आणलास. टायपिंगची लाकडी स्टुलं मांडलीस आणि म्हणालास, ज्याला येतं त्याने हातावर बसायचं. मला वाटलं गंमत करतोयस. पण तू स्वतः बसून दाखवलंस, दोन्ही तळहात मांड्यांखाली. माऊस ज्याची शंका त्याच्याच हातात. जाणकाराने आधी त्याची शंका आपल्या तोंडाने त्याला सांगायची, आणि तो हो, माझं हेच, असं म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. केलं का, घेतलं का असं विचारायचं नाही, दाखवा म्हणायचं. आणि कोणी समजलं म्हणाला तर मान डोलवायची नाही, त्याला एकदा करून दाखवायला सांगायचं.

काय तडफड झाली त्यांची! बोटं खाजवायला लागली, मांड्या हलायला लागल्या. दोघे-तिघे तर त्याच दिवशी गेले ते पुन्हा आले नाहीत. म्हणे आमचा वेळ जातो. मला तर बघून बघून गार वाटायचं. सुकटवाला डबा घेऊन आला की प्रसादला वास सोसावा लागायचा, कारण नाक धरायला हात मोकळे नसायचे.

पण तू त्याला ठेवलंस कशाला? हा आपला वाद, आणि तो तू अर्धा टाकून गेलास. हॉलला कुलूप लावताना मी कितीदा म्हटलं असेन, त्या प्रसादला हाकलून दे. आणि तू दरवेळी तेच.

"ताई, बाईंना फ्लॉपी उघडून दाखवायचं सुचलं नाही आणि याला बघायचं सुचलं नाही. दोघेही अडाणीच की. मग एकट्यालाच कशाला हाकलायचं?"

मी म्हटलं होतं, "बाई कोणाला हसल्या नाहीत."

तू चावी माझ्या हातात दिलीस आणि जिना उतरायला लागलास. तुझं म्हणणं काय ते मला कळत होतं रे. ज्याला येतं त्यालाही काहीतरी येत नसतं, आणि ते त्याला कोणी दाखवत नाही, म्हणून तो तसा होतो. कळत होतं, पण पटत नव्हतं. काही माणसं जात्याच पाजी असतात असं माझं मत आहे.

आता सभेचं पुढचं ऐक. हशा थांबल्यावर प्रसाद मुद्द्यावर आला. तुझ्या नावाने मंच काढायचा म्हणे. मुकुंद स्मृती संगणक मंच. रविवार चालू ठेवायचे, पण जरा शिस्तीत. नवीन येणाऱ्याची आधी छोटीशी परीक्षा घ्यायची, आणि ज्याला प्राथमिक गोष्टी येतात त्यालाच शंका विचारता येतील. बाकीच्यांनी आधी कुठेतरी कोर्स करावा. जाणकारांचा वेळ वाया जातो, ते वैतागून सोडून जातात, सरांनाही याचं फार वाईट वाटायचं. असं म्हणाला. सरांना म्हणे वाईट वाटायचं! फोटो तुझा, हार तुझ्या गळ्यात, आणि दार बंद करायचं ते तुझ्याच माणसांच्या तोंडावर. माना डोलायला लागल्या होत्या. चांगली कल्पना आहे, कोणीतरी म्हणालंसुद्धा.

तेवढ्यात लेलेबाई उठल्या. कोणाला त्रास नको अशा रीतीने, रांगेतल्या लोकांचे पाय चुकवत दाराकडे गेल्या आणि चपला शोधायला लागल्या. त्या पुन्हा कधी आल्या नसत्या. ते मला दिसत होतं, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी उभी राहिले. मला भाषण येत नाही तुला माहीत आहे. मी म्हटलं, "बाई, थांबा. मुकुंदा कशाने गेला ते ऐकून जा."

तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिने मला सांग म्हटलं, असंच मी समजले.

तुझ्या छातीच्या दुखण्यासाठी मी तुझ्याबरोबर कोल्हापूरला आले होते, ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्या मोठ्या डॉक्टरांची खोली, एकच खुर्ची पेशंटला, मी दाराजवळ उभी. डॉक्टर तुझ्याशी बोललेच नाहीत, कागदाशी बोलले. निम्मं इंग्रजीत, निम्मं पेनाने. आणि तू मान डोलवत होतास. ओके डॉक्टर. समजलं डॉक्टर. तू! ज्याच्या रविवारांत नुसतं समजलं म्हणून कोणाची सुटका नव्हती, तो तू. जिन्यात मी विचारलं, काय म्हणाले रे? तू हसलास. काय की गो, बरं वाटलं की गोळी बंद करायची असेल बहुतेक. मी म्हटलं, बहुतेक म्हणजे काय, परत जा आणि विचार. तुझी बाही धरून ओढलं मी. तर म्हणालास,

"बाहेर एवढी माणसं बसलीत ताई. परत आत जाऊन काय विचारू? खुळ्यासारखं वाटेल."

घरी येऊन फोन कर म्हटलं, तर करतो म्हणालास. केला नाहीस. मग तुला बरं वाटायला लागलं आणि तू गोळी बंद केलीस. एका सकाळी आंघोळ करून खाली बसलास तो उठलाच नाहीस. नंतर आपल्या इथल्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि डोक्याला हात लावला. ही गोळी जन्मात सोडायची नसते म्हणाले.

हे मी चारचौघांत सांगितलं. तुझी अब्रू घालवली असं तुला वाटलं तर वाटू दे. मला तुझीसुद्धा किळस आली होती त्या दिवसांत, खोटं कशाला बोलू? सगळ्या जिल्ह्याला प्रश्न विचारायला शिकवलंस आणि स्वतः एका डॉक्टरापुढे शाळकरी पोरासारखा गप्प बसलास. आणि त्या डॉक्टरांची वेगळी किळस. आयुष्यभर शिकून एवढं येऊ नये, की समोरचा मान डोलवतो म्हणजे त्याला कळलेलंच असतं असं नाही?

मी म्हटलं, हॉल माझा आहे. रविवारी दार उघडं राहील आणि परीक्षा कोणाची व्हायची नाही. ज्याला काही म्हणजे काही येत नाही त्याने आधी यावं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. लेलेबाई चपला काढून परत येऊन बसल्या.

लोक गेले. प्रसाद एकटाच खुर्च्या उचलून भिंतीला लावत होता. इतक्या वर्षांत त्याने कधी खुर्ची उचलली नव्हती. मी त्याच्याकडे बघत नव्हते. तो जवळ आला आणि खाली बघून म्हणाला, "ताई, बाबांना मागच्या आठवड्यात चार गोळ्या दिल्यात. कुठली किती दिवस घ्यायची ते मला कळलेलं नाही. मी हो म्हणून आलो."

माझ्या तोंडावर आलं होतं, भोग मेल्या. अगदी जिभेवर आलं होतं. त्याचे बाबा डोळ्यांपुढे आले म्हणून गिळलं. मी म्हटलं, मग उद्या जा आणि विचार. तर म्हणतो, तुम्ही याल का बरोबर? बघ आता. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसले. तासभर तो हातातला कागद उलटसुलट करत होता आणि मी भिंतीकडे बघत होते.

आत गेल्यावर त्याने विचारलं. डॉक्टर भराभरा बोलायला लागले आणि याची मान लागली डोलायला, सवयीने. मी मागून म्हटलं, त्याला कळलेलं नाही डॉक्टर, हळू सांगा. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. कागद स्वतःकडे ओढला, सकाळ, संध्याकाळ असं लिहिलं, दोन गोळ्या महिन्याने बंद म्हणाले, आणि तिसरीच्या नावाखाली दोनदा रेघ मारून म्हणाले, ही सोडायची नाही. चौथी गरज पडली तरच. प्रसादने ते सगळं आपल्या तोंडाने त्यांना परत म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकला, त्यांनी सांगितलं, त्याने पुन्हा म्हटलं. आम्ही उठलो.

बाहेर आलो तर आमच्या आधीचा पेशंट अजून पायात चपला सरकवत होता. तेवढ्यात झालं होतं. कोणी हसलं नाही, कोणी वैतागलं नाही, कोणाला आम्ही खुळे वाटलो नाही. प्रसाद काहीतरी बोलत होता, त्याला मी हाताने पुढे जा म्हटलं आणि तिथेच बाकावर बसून रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. एवढाच वेळ लागतो रे, मुकुंदा. एवढाच.